महाडचे सवर्ण, १९२७ ते १९३७ : संस्काराचा दोष कुठवर?

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक वेळा पाणी प्यायला गेलेल्यांच्या बाजूने लिहिलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं. या टिपणात मात्र मी दुसऱ्या लोकांकडे बघणार आहे, म्हणजे महाडच्या सवर्णांकडे. तरुणांच्या शिबिरांत पूर्वग्रहाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांचा तरी काय दोष? त्यांच्यावर संस्कारच तसे झाले होते." हे म्हणणं कितपत टिकतं ते तपासायला महाडइतकं चांगलं प्रकरण मला तरी ठाऊक नाही. गाव लहान, माणसं एकमेकांच्या ओळखीची, घटनांच्या तारखा पक्क्या, शिवाय शेवटी हायकोर्टाचा निकालही आहे. आणि मुख्य म्हणजे एकसारख्या घरांत वाढलेली माणसं त्या दहा वर्षांत एकसारखी वागली नाहीत.

आधी परिस्थिती. महाड हे सावित्रीकाठचं जुनं बाजारगाव, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. गावाच्या मध्यावर चवदार तळं, भोवती सवर्णांची घरं. तळं नगरपालिकेच्या ताब्यात, म्हणजे सार्वजनिक. मुसलमान तिथे पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र ते वर्ज्य. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेल्या महार-चांभाराला तहान लागली तर गावाच्या मध्यापासून दूर असलेल्या अस्पृश्य वस्तीतल्या विहिरीकडे जावं लागे, आणि ती विहीरही धड वापरण्याजोगी नव्हती. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाला यात काही वावगं दिसत नसणार. त्याने जन्मापासून हेच पाहिलेलं.

हे पाहणं कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण संस्काराचा मुद्दा मी उडवून लावत नाही. शिवाशिव कुणी पोथी वाचून शिकत नाही. मूल अंगणात खेळताना कुणाला तरी शिवतं आणि आई त्याला दारातच उभं करून डोक्यावर पाणी ओतते. का, ते कुणी सांगत नाही. दुकानदार पुडी हातात न देता खाली टाकतो, पैसे उचलायच्या आधी त्यांवर पाणी शिंपडतो. प्यायला द्यायचंच झालं तर पाणी वरून, ओंजळीत. मुलाला कारण कळायच्या आत अंगाला सवय लागलेली असते, आणि अंगाला लागलेली सवय पुढे धर्म म्हणून मिरवते. पलीकडच्या मुलालाही तोच धडा उलट्या बाजूने मिळतो. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे: शिपाई हजर असेल तर तो नळ सोडणार आणि यांना पाणी मिळणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. दोन्ही मुलं एकाच शाळेत, एकच गोष्ट शिकली.

एवढं मान्य करूनच पुढे जाऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला: सरकारी पैशातून बांधलेले वा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ही गोष्ट लोक विसरतात. म्हणजे सत्याग्रहाच्या तीन वर्षं आधी महाडच्या सभासदांनी, ज्यांच्यावर तेच संस्कार झाले होते त्यांनीच, तळ्याचं पाणी सर्वांचं असल्याचं कागदावर मान्य केलं होतं. प्रत्यक्षात अस्पृश्य तळ्यावर गेले नाहीत, ठराव कागदावरच राहिला. कागदावरच्या समतेचं कुणाला काही वाटत नाही. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमावल्या वाचून पाहा.

मग मार्च १९२७. रामचंद्र बाबाजी मोरे या महाड भागातल्याच तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने १९ आणि २० तारखेला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावकऱ्यांनी पाणी दिलं नाही. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, हा तपशील बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेला आहे. १९२७चे चाळीस रुपये, आणि तळं हाकेच्या अंतरावर.

पहिल्या दिवशी बाबासाहेब काय बोलले ते या प्रकरणात महत्त्वाचं आहे. सवर्णांवर ते बोललेच, पण बराच वेळ आपल्याच माणसांशी बोलले. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळ्यापाक्या भाकरीसाठी दारोदार जाणं सोडा, गुलामीची वतनं सोडून शेतीकडे वळा, मुलांना शिकवा. म्हणजे ज्यांच्या हातात सत्ता नाही, जमीन नाही, पाणीसुद्धा नाही, त्यांनाही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयींबद्दल जबाबदार धरलं. हे लक्षात ठेवलं की तळ्याकाठच्या शिकल्यासवरलेल्या, घरदार असलेल्या माणसाला "संस्कार" म्हणून सूट देणं जरा अवघड जातं.

त्याच परिषदेत स्पृश्यांनी अस्पृश्यांच्या हक्कांना पाठिंबा द्यावा असा एक ठराव होता. स्थानिक सवर्ण पुढारी त्यावर अनुकूल बोलले; फक्त मिश्रविवाहाचं कलम तेवढं आपल्याला मान्य नाही, असंही म्हणाले. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ही माणसं ढोंगी नव्हती. मंडपात येऊन, आपल्या गावासमोर, अस्पृश्यांच्या बाजूने बोलायला १९२७मध्ये धैर्यच लागत होतं. पण त्यांचं धैर्य घराच्या उंबऱ्याशी थांबलं. तळं, रस्ता, शाळा इथवर मन तयार झालेलं; मुलीच्या लग्नाचं नाव काढलं की नाही.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की नगरपालिकेचा ठराव आजच अमलात आणू या. चित्रे जातीने कायस्थ प्रभू. माणसं चारचारच्या रांगेत बाजारातून शांतपणे तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागून बाकीच्यांनी. मग सगळे मंडपाकडे परतले.

साधारण दोन तासांनी गावात आवई उठली: आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेत नव्हता आणि बाबासाहेबांनी तो नसल्याचं सांगितलंही. पण जमाव जमला होता. बांबूच्या काठ्या घेऊन लोक मंडपात घुसले. परतीला निघण्यापूर्वी काही प्रतिनिधी जेवत होते. अन्न मातीत सांडून तुडवलं, भांडी फोडली, रस्त्यात एकटेदुकटे सापडतील त्यांना बडवलं. जीव वाचवायला काहींनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. मारणाऱ्यांत फक्त ब्राह्मण होते असंही नाही. ज्यांना स्वतःला ब्राह्मणांच्या ताटाजवळ बसायला मिळत नव्हतं असेही त्यात होते. बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्यावर त्यांच्याभोवती शंभरावर तरुण जमले होते, हात शिवशिवत होते, एका इशाऱ्याची वाट पाहत होते. कोकणातल्या महारांत पलटणीत नोकरी केलेली माणसं पुष्कळ, लढणं त्यांना नवं नव्हतं. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे. त्या दुपारी काठी उचलणाऱ्या माणसाचा बचाव करायचाच झाला तर करता येईल. आवई, जमाव, देव बाटणार ही भीती, लहानपणापासून अंगात मुरलेली शिसारी, शेजारचा धावतोय म्हणून मीही. मी हा बचाव स्वीकारत नाही, पण तो समजू शकतो. कोर्टानेही तो स्वीकारला नाही. जूनमध्ये आरोपींपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली.

माझ्या दृष्टीने खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

दंगल शमल्यावर तळ्याची शुद्धी झाली. तिची रीत अशी: तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, भटजींनी मंत्र म्हटले आणि त्या घागरी पुन्हा तळ्यात ओतल्या. ज्या पाण्यात रोज गुरं उतरत होती त्या पाण्याची ही शुद्धी.

हे काम रागाच्या भरात होत नाही. एकशेआठ घागरी कुठून तरी आणाव्या लागतात. इतकं दूध, इतकं दही एका घरचं नसतं. विधी ठरवायचा, माणसं बोलवायची, दक्षिणा द्यायची. कुणीतरी बसून हिशेब केला असणार, कुणी वर्गणी काढली असणार. दंगलीतल्या माणसाला "भान राहिलं नाही" असं म्हणायची सोय असते. इथे सगळं भानावर चाललं होतं. आणि काठावर मुलं असणारच. गावात एवढं काही चाललंय आणि पोरं घरात बसलीत असं होत नाही. काल ज्यांना मारलं ती माणसं पाण्याला नुसती शिवली तरी पाणी शेणापेक्षा घाण होतं, हा धडा त्या दिवशी मोठ्यांनी मुलांना समारंभाने दिला. संस्कार आपोआप वाहत येतो असं आपण बोलतो. इथे तो कुणी, कधी, काय काय वापरून केला ते समोर दिसतं.

त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७. महाड नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. बोले ठराव मंजूर झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. योगायोग असेल, पण टोचतो. तीन वर्षांपूर्वी याच संस्थेला तत्त्व मान्य होतं. मधल्या काळात सभासदांचं बालपण काही बदललं नव्हतं. बदललं ते एवढंच की तत्त्वाची किंमत आता कळली होती: शेजारी काय म्हणतील, देवळात कोण बोलणार नाही, पुढच्या निवडणुकीत कोण मत देणार नाही. दबाव खराच होता. मारामारीनंतर खेडोपाडी निरोप गेले होते की तुमच्याकडच्या महारांनाही बघून घ्या, आणि तिथेही वस्त्यांवर हल्ले झाले. अशा हवेत ठरावावर ठाम राहणं सोपं नव्हतं. पण सभासद म्हणून निवडून येताना कुणी कनपटीला पिस्तूल लावलं नव्हतं. ज्या माणसाने गावाच्या वतीने ठरवायचं पद मागून घेतलं, त्याला "गाव म्हणेल ते" असं म्हणून हात वर करता येत नाहीत.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं बाबासाहेबांनी जाहीर केलं. तेव्हा परिषदेला जागा द्यायला गावात सवर्णांपैकी कुणी तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांची जागा मिळाली. दुकानदारांनी असहकार केला, धान्यसामान बाहेरून आणावं लागलं. आणि महाडच्या काही सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की तळं सार्वजनिक नसून खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही अनादी कालापासूनची वहिवाट आहे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तो मोडला नाही. हजारो माणसं पाणी न पिता मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परतली.

काठी, मग घागरी, मग ठराव, मग वकीलपत्र. एकेक पायरी चढत गेलं तसं डोकं थंड होत गेलेलं दिसतं, आणि विचार करायला वेळही वाढत गेलेला. दंगलीला तास-दोन तास होते, ठराव रद्द करायला साडेचार महिने, खटला चालवायला दहा वर्षं. जितका वेळ हाताशी, तितका संस्काराचा वाटा कमी आणि माणसाचा स्वतःचा जास्त, असं मला वाटतं. हे मोजमाप अचूक नाही. पण "सगळेच काळाचे बळी" या सरसकट माफीपेक्षा बरं आहे.

याच गावातल्या, याच वर्तुळातल्या दुसऱ्या माणसांकडे बघितल्याशिवाय हे म्हणायला मला तोंड नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, लोकांचे सुरबानाना, महाडचेच, नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले, कायस्थ प्रभू. ते परिषदेच्या बाजूने उघड उभे राहिले. अनंतराव चित्रे यांचं वर आलंच. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, म्हणजे बापू सहस्रबुद्धे, चित्पावन ब्राह्मण. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो यांनी, आणि त्याला अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. सोवळं-ओवळं, मुंज, पंक्तिभेद यांतलं काय सहस्रबुद्ध्यांना घरी मिळालं नसेल?

आता कुणी म्हणेल, हे लोक अपवाद. आहेतच. आणि ते आकाशातून पडले नाहीत हेही खरं. सहस्रबुद्धे मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम करत, ना. म. जोशींनी १९११मध्ये काढलेली ही संस्था चाळींत, गिरणगावात वावरणारी. तिथे जातीबाहेरची माणसं रोज भेटत. कायस्थ प्रभूंना तर पेशवाईतल्या ग्रामण्यांची, म्हणजे जातीच्या धार्मिक हक्कांवरून झालेल्या तंट्यांची, आठवण होती. आपल्याला वेदोक्त कर्माचा अधिकार नाही हे ब्राह्मणांकडून ऐकून घेतल्याचा सल पिढ्यांत उतरला होता. म्हणजे वेगळं वागण्यालाही एक घडण असते. मात्र तीच आठवण इतर कायस्थ घरांतही होती आणि त्या सगळ्यांतून टिपणीस निघाले नाहीत. सोशल सर्व्हिस लीगचं दार कुणालाही उघडं होतं. आत पाऊल टाकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं. मला व्यक्तीची जबाबदारी दिसते ती या लहानशा जागेत. आपण कुणाच्या पोटी जन्मावं हे हातात नसतं. कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावं हे बऱ्याच अंशी असतं.

आता दुसऱ्या टोकाचा मोह. माणूस संस्काराने घडतो म्हटलं की पुढची उडी सोपी असते: अमुक जातीत वाढला ना, मग तो तसाच असणार. १९२७मध्ये हा प्रश्न नेमका असाच समोर आला. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण एका अटीवर: लढ्यात एकाही ब्राह्मणाला घ्यायचं नाही, कितीही सहानुभूतीचा असला तरी. बाबासाहेबांना त्या वेळी मित्रांची गरज होती. जेधे-जवळकरांच्या मागे पुण्यात आणि बहुजन समाजात मोठी ताकद होती. उलट बाजूला सहस्रबुद्ध्यांसारखी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. साधा राजकीय हिशेब केला असता तर उत्तर सरळ होतं. बाबासाहेबांनी अट धुडकावली. 'बहिष्कृत भारत' या आपल्या पाक्षिकातून त्यांनी मांडलेली भूमिका थोडक्यात अशी की आमचं वैर ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीच्या माणसांशी नाही. उच्चनीचतेने भरलेला ब्राह्मणेतर आम्हाला परका आणि ती भावना टाकलेला ब्राह्मण आपला.

हे औदार्य होतं असं म्हणून बरेच जण पुढे सरकतात. मला त्यात काटेकोरपणा जास्त दिसतो. सहस्रबुद्ध्यांना जन्मावरून बाहेर काढलं असतं तर तळ्याकाठच्या दंगेखोरालाही जन्मावरूनच सोडून द्यावं लागलं असतं. एकाला श्रेय द्यायचं तर दुसऱ्याकडे जाब मागता येतो.

खटला रेंगाळत राहिला. १९३१मध्ये महाडच्या कोर्टात सनातनी हरले. वर अपील केलं, तिथे हरले. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी अपील फेटाळलं: तळं नगरपालिकेचं आहे आणि जी अनादी वहिवाट वादी सांगतात ती त्यांना सिद्ध करता आलेली नाही. इतकी वर्षं ज्या रूढीच्या नावाने मारहाण, शुद्धी, दावे झाले, ती रूढी कायद्याच्या कसोटीवर उभीच राहिली नाही. आपण याच रीतीत वाढलो, हे सांगायला माणसं होती. अस्पृश्य पूर्वी हक्काने पाणी भरायला आले आणि त्यांना रूढीने अडवलं, असं काही दाखवता आलं नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टिपणीस आणि चित्रे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर मुंबई विधानसभेत निवडून गेले.

महाड आता रायगड जिल्ह्यात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे येऊ लागल्या: गावकीचं ऐकलं नाही म्हणून दुकानातून माल नाही, लग्नाला कुणी येणार नाही, मयताला खांदा नाही. बहुतेक प्रकरणांत आपल्याच जातीच्या माणसांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकलेलं. बैठकीला बसलेल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मी एकटा काय करणार, गावकीचा निर्णय आहे." सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६मध्ये मंजूर केला आणि तो २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातली मला आवडणारी तरतूद अशी की गुन्हा नुसत्या पंचायतीच्या नावावर टाकून भागत नाही. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणारा प्रत्येक सभासद त्यात आरोपी होऊ शकतो.